गिट्टीच्या ढिगामागची वाट

“साहेब, हे गिट्टी उचलू नोका.”

ओव्हरसियरच्या नोकरीत अशी विनंती मी पहिल्यांदाच ऐकत होतो. एरवी लोक गिट्टी कधी उचलता म्हणून भांडायचे. इथे एक बाई डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन माझ्या ढिगासमोर उभी होती आणि मजूर फावडी टेकून मजा बघत होते.

एकोणीसशे चाळीस साल उजाडायच्या आधीची गोष्ट. वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशीमला येणाऱ्या सडकेचा वाशीमजवळचा तुकडा दुरुस्तीला काढला होता. गिट्टी, म्हणजे सडकेची खडी, मोजून घ्यावी लागते, म्हणून ठेकेदार आधी सडकेच्या कडेला तिचे चौकोनी ढीग घालतो. आम्ही टेप लावतो, मग मजूर ती पसरतात, मग रोलर फिरतो. मी ढीग अगदी एका ओळीत, जवळजवळ लावून घेतले होते. त्या ओळीचा मला फार अभिमान होता, उपयोग मात्र ठाऊक नव्हता.

“का बरं, बाई?” मी विचारलं.

“मांगून माहे लेकरं जातात.”

मी ढिगामागे जाऊन पाहिलं. ढीग आणि नाली यांच्यामध्ये मुरमाची चिंचोळी पट्टी उरली होती आणि तिच्यावर सायकलच्या चाकांच्या रेघाच रेघा होत्या.

बाईचं नाव गिरजाबाई. सडकेलगत तिचा मळा. नवरा नामदेव रोज सकाळी सायकलवर भाजी घेऊन वाशीमला जाई. मुलगा पुढे दांडीवर, मुलगी मागे कॅरियरवर, दोघं शाळेत. पण कापसाच्या दिवसांत या सडकेवर गाड्यांची रांग लागायची. गाड्या रात्रीच निघालेल्या, त्यामुळे सकाळी गाडीवान कापसावर घोरत पडलेले. बैलांना जिनिंगचा रस्ता पाठ होता. सायकलला वाट द्यायची असते हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आदल्या साली एका गाडीने धक्का दिला आणि बाप, लेकरं, भाजी, सगळं नालीत गेलं.

“बैल काय घंटी आयकते?” गिरजाबाई म्हणाली. “तवापासून शाळाच बंद केली होती म्या. औंदा तुमचे ढीग आले तं पुन्हा धाडून राह्यली. पोरीची चौथी हाय. आता घरी बसली तं तिची आजी तिले मिरच्या तोडाले लावन. मंग कायची शाळा?”

ते ढीग तसेच ठेवले. मी रोलर पुढच्या तुकड्यावर पाठवला. सरकारी कामात रोलर जागचा हलला की साहेबही हलतात. अकोल्याचे मोठे साहेब मोटारीने हजर झाले.

“गिट्टी सडकेवर टाकायची असते, कडेला सजवायची नसते,” ते म्हणाले.

मी त्यांना लेकरांची हकिगत सांगितली आणि म्हणालो, “साहेब, एकदा सायकलवरून बघा.”

“मी?”

साहेब अंगाने भरलेले, पण कॉलेजात असताना सायकल हाणलेली. नामदेव लेकरांना शाळेत सोडून नेमका बाजाराच्या दुसऱ्या खेपेला निघाला होता. त्याने आनंदाने सायकल पुढे केली. मागच्या टोपलीतल्या मेथीच्या जुड्या काढायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

साहेब गाड्यांच्या रांगेत शिरले. त्यांनी घंटी वाजवली. एकही गाडीवान उठला नाही, पण एका बैलाला मेथीचा वास आला. त्याने मान लांब करून एक जुडी ओढली. साहेब दचकले आणि जोरात पायडल मारू लागले. बैलांनीही पाय उचलला. वर झोपलेला गाडीवान हिसक्याने जागा झाला.

“ओ भाजीवाले,” तो ओरडला, “थांब नं बे. माहे बैल पयून राह्यले.”

साहेब कसले थांबतात. त्यांनी हँडल वळवलं आणि दोन ढिगांमधून मागच्या पट्टीवर घुसले. गाडी बाहेरच अडकली. अलीकडे बैल ढिगावर मान टाकून मेथी चघळतोय, पलीकडे आमचे साहेब घामाने निथळत पोट धरून हसताहेत. इतके हसताना मी त्यांना त्यानंतर कधी पाहिलं नाही.

“गिट्टी तर उचलावीच लागेल,” हसू आवरल्यावर ते म्हणाले. “तिच्या जागी काय उभं करता?”

पुलाच्या तोंडाशी गाडी घसरू नये म्हणून आम्ही कडेला दगड पुरतो आणि त्यांना चुना फासतो. त्यांना गार्ड स्टोन म्हणतात. मी ते सुचवलं.

“इथे तर सगळं सपाट आहे. धोका कसला म्हणून लिहू?”

मी बैलाकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं.

“लिहितो,” ते म्हणाले.

आधी दगड उभे राहतील, मग गिट्टी हलेल, अशी गिरजाबाईची अट होती. दोन दगडांमधून गाडी शिरत नाही याची खात्री तिने स्वतः शेजाऱ्याची रिकामी गाडी आणून करून घेतली. ओव्हरसियर नावाला मी होतो.

त्या हंगामात शाळा बुडली नाही. पोरगी चौथी पास झाली. हळूहळू त्या पट्टीवर आणखी माणसं दिसू लागली. एक कापड दुकानदार शेठजी म्हाताऱ्या आईला कॅरियरवर बसवून मंदिरात नेऊ लागले. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका गप्पा मारत जाऊ लागल्या. हे सगळे आधी कुठे होते, हे मला कळेना. सडकेवर तर ते मी कधी पाहिले नव्हते.

पुढच्या साली साहेबांच्या मोटारीतून इन्स्पेक्शनला गेलो, तर पोरगी बापाच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून कैची चालवत होती आणि गिरजाबाई कॅरियर धरून मागे धावत होती. मला पाहून गिरजाबाई लाजली, पण कॅरियर काही सोडला नाही. मला इतका आनंद झाला की मी मोटार थांबवून ती जोडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

सडक करताना तिच्यावरून कोण जातं ते मोजायला आम्हाला शिकवलं होतं. कोण जात नाही, हे मी त्यानंतर प्रत्येक साइटवर विचारत आलो. उत्तर बहुतेक वेळा एखादी बाई देते, आणि तिला आधी टोपली खाली ठेवायला सांगावं लागतं.