चिंचोलकर साहेबांची चौकटीतली बाग

किस्से आणि घोळीची भाजी, दोन्ही पेरावे लागत नाहीत. जरा लक्ष नसलं की आपोआप उगवतात आणि बघता बघता सगळीकडे पसरतात. आमच्या टेलिफोन ऑफिसच्या मागच्या मोकळ्या जागेत तर दोन्हीचं पीक जोरात होतं. ऑफिस आखाडा बाळापूरच्या पुढं, नाव मुद्दामच सांगत नाही. हिंगोली जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. मी बिलाच्या खिडकीवर बसायचे, म्हणजे पैसे पुढून घ्यायचे आणि बाग मागून बघायची.

बागेचं वेड आणलं आमच्या चिंचोलकर साहेबांनी. अमेरिकेतल्या मेहुण्यानं त्यांना एक इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं. लाकडी पेटी करायची, तिच्यात फूटभर लांब-रुंद चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत वेगळी भाजी लावायची. थोड्या जागेत, थोड्या पाण्यात आणि मुख्य म्हणजे लवकर!

हे 'लवकर' साहेबांना का आवडलं, ते एकदा चहा पिताना त्यांनीच सांगितलं. सारख्या बदल्या. प्रत्येक गावी झाडं लावली, पण स्वतः लावलेल्या झाडाचं फळ कधी स्वतःच्या हातानं तोडलं नाही. फळ धरायच्या आत बदलीचा कागद यायचा. ते हसत हसत सांगत होते, पण मला मात्र वाईट वाटलं.

बागेला विरोध एकट्याचाच, इस्माईलभाई ड्रायव्हरचा. त्यांना त्या जागेवर जीपसाठी शेड हवं होतं, तसा त्यांनी वर अर्जही केला होता. उन्हाळ्यात स्टेअरिंगला ते फडकं गुंडाळून बसायचे. म्हणाले, "भाजी बाजारात मिळती साहेब. सावली बाजारात मिळत न्हाई."

* * *

केबलच्या रिकाम्या ड्रमच्या फळ्या काढून पेट्या झाल्या. चौकटी आखायला टेलिफोनची जुनी वायर. पुस्तकात पेटी जमिनीच्या वर, म्हणून आमचीही वर. महिना एप्रिल! सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत फळ्यांच्या फटीतून निघून जायचं आणि रोपं माना टाकायची.

आमचे लाइनमन राठोड तांड्यावरचे, घरी शेती. ते दोन-तीन दिवस नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, पाणी खाली जाऊन राहिलं अन् झाड तुमी वर बसवलं. त्यायची भेट व्हावी कशी?"

साहेबांनी पुस्तक पुन्हा वाचलं, चष्मा पुसला आणि पेट्या वीतभर खाली पुरायला सांगितल्या. बाग हिरवी झाली. आषाढात त्याच खड्ड्यांत पाणी तुंबलं आणि काळ्या मातीत रोपं सडली. तेव्हा पेट्या उपसून, मातीत कयाधू नदीची रेती मिसळून पुन्हा वर ठेवल्या. उन्हाळ्यात खाली, पावसाळ्यात वर! आमच्या बागेलाही बदल्या लागल्या, असं साहेब म्हणायचे.

* * *

एकदा साहेब रजेवर होते आणि टेप त्यांच्या कपाटात. नवी पेटी राठोडांनी हातानं मोजून आखली, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक चौकट. साहेब आले, टेप लावला आणि चौकट फुटापेक्षा बरीच मोठी निघाली.

राठोड शांतपणे म्हणाले, "पुस्तकवाल्यानं आपलं वांगं पाह्यलं न्हाई साहेब. आपलं वांगं हातभर जागा मागतं."

तेव्हापासून मेथी-कोथिंबिरीला फूट आणि वांग्या-टोमॅटोला हात, असा ऑफिसचा नियम झाला. ऑफिसातली माझी मैत्रीण सुमनताई वसमतची, हळदीच्या गावची. तिनं मात्र फूट मानला नाही आणि हातही मानला नाही. जिथं जागा दिसेल तिथं हळद लावली!

* * *

गडदे मामा आमचे दुसरे लाइनमन, घरचा धंदा मेंढरांचा. पुस्तकात एका जागी एक बी टाका, असं बजावलेलं. मामा प्रत्येक जागी तीन टाकायचे. साहेबांनी कारण विचारलं.

"एक पाखराला, एक किड्याला, एक आपल्याला," मामा म्हणाले.

साहेबांनी आपल्या स्वतःच्या चौकटीतल्या जास्तीच्या सगळ्या बिया वेचून मामांना परत केल्या. आठवडाभरात बाकी बाग उगवली आणि साहेबांची चौकट कोरी ती कोरीच. साहेब खाली बसून माती उकरायला लागले.

मामा म्हणाले, "नका उकरू. तुमी त्यायचा वाटा काढून घेतला, त्यायनं तुमचा घेतला. बराबर झालं."

* * *

खताचा किस्सा मामांचाच. पुस्तकात पाच तऱ्हेचं खत सांगितलं होतं. साहेबांनी मामांना सहज विचारलं की चार पेट्यांपुरतं थोडं लेंडीखत मिळेल का. मामा म्हणाले की खत आणायचं कशाला, मेंढरंच बसवू. आमच्याकडं शेतात रात्रभर मेंढरं बसवतात, शेताला आयतं खत मिळतं. पण साहेब पुण्याचे. त्यांना वाटलं, चार-सहा येतील.

दिवेलागणीला मामांच्या भावाचा अख्खा कळप कंपाउंडात शिरला!

सकाळी मी आले तर बिल भरायच्या रांगेत पुढं मेंढ्या आणि मागं माणसं. जीपखाली मेंढ्या, जनरेटरजवळ मेंढ्या, साहेबांच्या दारात एक मोठा एडका. साहेब टेबलावर उभे राहून ओरडले, "मामा, चार पेट्यांना किती मेंढ्या लागतात?"

"पेटीत एकच मावती साहेब," मामा म्हणाले, "पन मेंढरू एकलं बसत न्हाई."

पुढचे काही दिवस सगळे नाकाला रुमाल लावून बिल भरत होते. पण त्या पावसाळ्यात कंपाउंडाचा कोपरा न कोपरा असा तरारला की सांगता सोय नाही. इस्माईलभाईंच्या जीपच्या चाकाजवळ पुदिना आला. त्यांनी दोन दिवस त्याच्याकडं बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी थोडा चहात टाकला. चौथ्या दिवशी साहेबांकडं जाऊन हळूच म्हणाले, "एक चौकट मिळंल का? कोपऱ्यातली चालंल."

* * *

आता शेवटचा.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वरचे मोठे साहेब आले आणि शेडचा नकाशा टेबलावर पसरला. इस्माईलभाईंचा जुना अर्ज मंजूर झाला होता! बाग जाणार होती. इस्माईलभाईंना तर तोंड लपवायला जागा उरली नाही.

चिंचोलकर साहेब वाद घालणारे नव्हतेच. त्यांनी एवढंच विचारलं, "थोडे दिवस मिळतील का? वांगं धरलंय."

कारण या वेळी त्यांनी मामांचं ऐकून तीन बिया टाकल्या होत्या. हातभर चौकटीत एकच झाड उरलं होतं आणि त्याला पहिलं वांगं लागलं होतं, बोटाएवढं. मोठे साहेब नाही म्हणाले.

डोंगरकडा गावचा कंत्राटदार आला आणि खांबांच्या जागी त्यानं चुन्याच्या चौकटी आखल्या. सिमेंट दोन दिवसांत येणार होतं, ते आलं पंधरवड्यानं. मोठे साहेब काम सुरू करायला स्वतः आले, तर प्रत्येक चुन्याच्या चौकटीत मेथी उगवलेली! पांढरी किनार आणि आत हिरवंगार. कोणी पेरली ते कोणीच कबूल केलं नाही. आम्हाला सवयच लागली होती, चौकट दिसली की हात शिवशिवायचे.

मोठे साहेब लाल झाले. कंत्राटदाराला म्हणाले, खोदा. कंत्राटदारानं चुन्याच्या बाहेरच चपला काढल्या, आत वाकून बघितलं आणि कुदळ माणसाच्या हातातून काढून घेतली.

"साहेब, उगवलं हाये. उगवत्यावर कुदळ मारायला दुसरा मानूस पाहा."

"अहो, मेथी आहे ती!"

"मेथी का असंना. मी बी शेतकरी हाये."

चिंचोलकर साहेब आपल्या झाडाशी उभे होते. वांगं आता भरलं होतं, जांभळं चकचकीत. दोन दिवसांपासून ते तोडायला झालं होतं, पण त्यांचा हात धजत नव्हता. झाडच जाणार तर राहू दे त्याच्याजवळ, असं ते सकाळी मला म्हणाले होते.

मोठ्या साहेबांनी मेथीकडं बघितलं, कंत्राटदाराच्या अनवाणी पायांकडं बघितलं आणि नकाशाची घडी घातली.

"मग जीप कुठं उभी करायची?"

आम्ही सगळे इस्माईलभाईंकडं बघायला लागलो. त्यांच्या खांद्यावर स्टेअरिंगचं फडकं होतं आणि हातात पुदिना.

"उन्हातच राहू द्या साहेब," ते म्हणाले. "सावलीत ठेवली म्हणून जीप काय वाढत न्हाई."

चिंचोलकर साहेब खाली वाकले आणि त्यांनी वांगं तोडलं.