घोंगडीआडचा हात

ऐकताय ना? मग सांगून टाकतो. ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही — बायकोपुढे नाही, देवापुढेसुद्धा नाही. देवापुढे कुठल्या तोंडानं बोलणार होतो? त्याचंच नाव मी मध्ये घातलं होतं.

शहापुराजवळ गवताच्या वखारीवर मी मुकादम होतो. दिवाळीनंतर माळावरचं गवत कापून, वाळवून बैलगाड्यांतून आमच्याकडे यायचं. ते दाबून, तारेनं आवळून आम्ही गाठी बांधायचो आणि थप्प्या रचायचो. मुंबईच्या तबेल्यांना जायच्या त्या; लढाई सुरू झाल्यावर लष्कराच्या खेचरांनाही जायला लागल्या. सोपं काम वाटतं ना? एकच मेख आहे. गवत आतून ओलसर असताना दाबलं, तर गाठ आतल्या आत तापत जाते. आणि काही आठवड्यांनी, कुणी काडी न लावता, थप्पी पेटते.

ओल ओळखायची कशी? गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा, आतलं मूठभर गवत काढून पिळायचं. कुरकुरून मोडलं तर बरं. नुसतं वळलं तर गाडी परत उन्हात. एवढंच. माझ्या जुन्या मुकादमानं माझं मनगट धरून हात गवतात खुपसला होता — एकदा ओल्या गाडीत, एकदा कोरड्या. मी चुकलो की हसायचा आणि पुन्हा हात घालायला लावायचा. चार-दोन सकाळींत मी तयार झालो.

आणि मी काय केलं? ते झाकून ठेवलं. खांद्यावरची घोंगडी पुढे सोडायचो, तिच्याआड हात गवतात घालायचो आणि देवाचं नाव घेत काहीबाही पुटपुटायचो. माणसांना ओठ दिसायचे, हात दिसायचा नाही. मुकादमाकडे मंत्र आहे, अशी बोलवा झाली. मी होऊ दिली. खरं सांगू? आवडायचं मला ते. आणि भीतीही होती — सगळ्यांनाच आलं तर मला कोण विचारतो?

मग वखारीच्या मालकांनी, शेठजींनी, मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याच्या रस्त्यावर दुसरी वखार काढली. मला तिकडे जायचं होतं, म्हणून इथे शेणवे गावच्या चांगूला नेमलं. माझ्याच वयाचा, दणकट, हाताखाली बरीच वर्षं राबलेला गडी. याला सगळं शिकवून मगच जा, असं शेठजींनी बजावलं.

शिकवलं. मी त्याला मंत्र शिकवला.

शेंडा ना बुडखा, असे तिथल्या तिथे जुळवलेले शब्द होते ते. चांगूनं अंघोळ करून, नारळ ठेवून ते घेतले. पाठ होईपर्यंत माझ्यासमोर बसून राहिला. गवतानं भरलेली गाडी शेजारीच उभी होती. त्याचं मनगट धरायला काय लागत होतं? का नाही धरलं? वाटलं, थोडा धूर निघेल, शेठजी घाबरतील, म्हणतील मुकादमावाचून चालत नाही. हो — हेही मनात होतं. आता लपवून काय करू?

थंडी सरताना निरोप आला. मी पोचलो तेव्हा वखार धुमसत होती. माणसांनी सांगितलं, भरदुपारी थप्पीतून धूर निघाला तेव्हा चांगू तिच्यासमोर उभा राहून मंत्रच म्हणत राहिला. मग जाळ दिसल्यावर उघड्या हातांनी गाठी ओढायला लागला. गाठींच्या तारा लाल झाल्या होत्या.

शेठजींनी मला विचारलं, शिकवलं होतंस ना? सगळं शिकवलं होतं, मी म्हणालो. चांगूचं काम गेलं. कामाचं काय घेऊन बसलात — त्याचे तळवे आक्रसले, मुठी वळल्या त्या वळल्याच. विळा धरवत नाही. बायको घास भरवते.

पडवीत पडल्या पडल्या त्यानं मला विचारलं होतं, "मुकादम, मंतर कुटं चुकला ओ माजा? तुमी तं नीट शिकवला व्हता."

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "शेवटाला चुकत असशील."

लढाई संपली. मी अजून मुकादम आहे. नव्या वखारीवरही कुणाला शिकवलेलं नाही — कसं शिकवू? हात दाखवला की सगळं उघडं पडेल. रोज सकाळी घोंगडी सोडतो, ओठ हलवतो आणि माझीच मला शिसारी येते.

शहापूरच्या बाजाराला चांगू भेटतो. मला बाजूला घेतो, त्या वळलेल्या मुठी जोडतो आणि मंत्र म्हणून दाखवतो. कुठे चुकतं ते सांगा, म्हणतो. गेल्या बाजारीही म्हटला. एक अक्षर चुकलं नव्हतं.

"शेवटचं परत म्हण," मी म्हणालो.

त्यानं परत म्हटलं.