काकींच्या खिडकीबाहेर

आमच्या कॉलनीत सकाळी दुसऱ्यांच्या बागेतली फुलं पूजेला तोडणाऱ्यांना देवापेक्षा जास्त भीती वाटायची ती कोपऱ्यावरच्या काकींची. त्यांच्या सूर्यफुलाला हात लागला, की खिडकीतून आवाज यायचा, "देवाला पायजेत न्हवं? मग देवालाच धाडून द्या की हिकडं! त्यास्नी देतो मी."

ती फुलं काकांसाठी होती. काका एसटीत ड्रायव्हर होते. उभा जन्म रस्ता बघण्यात गेला आणि अर्धांगवायूनं एका खाटेवर आणून टाकलं. खाट मावळतीच्या खिडकीला लागून. बाहेर कॉलनीची मोकळी पट्टी होती, बांधकामाचा राडारोडा पडलेली. कुणी उचलेना, तेव्हा काकींनी शिव्या घालत स्वतःच उचलला आणि तिथं बी पेरलं. "सूर्यफूल उगवतीकडं तोंड करतंय," त्या म्हणायच्या, "म्हंजे सरळ ह्यांच्याकडंच की."

बी त्या थेट जमिनीतच टोकायच्या. कोंब साळुंक्या उपटतात म्हणून वर घरातल्या चाळण्या पालथ्या घालायच्या. रोप हातभर झालं, की शेंडा खुडायच्या. मी शेजारीण; मला ते बघवायचं नाही. "एका दांड्याला एक फूल, त्ये शेतात ठीक हाय गं. धा दिसांत मान टाकतंय. मग ह्यांनी काय भित्तीकडं बघायचं? शेंडा खुडला की फांद्या फुटत्यात, मला फांद्याचंच पायजे. एक वाळलं तर शेजारचं उमलतंय." खरंच, महिना महिना ती खिडकी पिवळी असायची. काकांना बोलता येत नव्हतं, पण नवं फूल दिसलं की ते चांगल्या हातानं खाटेवर थाप मारायचे.

मग कॉलनीच्या अध्यक्षांना तिथं पार्किंग हवंसं झालं. काकी त्यांच्या दारात गेल्या. त्या बाईनं कुणापुढं आवाज खाली आणलेला मी तेवढाच ऐकला. "एवढा बहार सरू दे. बी धरू दे. मग खुशाल उपटा."

"दिला शब्द, काकी," अध्यक्ष म्हणाले.

त्याच आठवड्यात काकी काकांना व्यायामाला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्यांची रिक्षा वळणाआड गेल्यावर जेसीबी आला. पाळतच ठेवली होती! मी शाळेतून परतले तेव्हा कळ्यांनी लगडलेल्या फांद्या ट्रॉलीत पडल्या होत्या. अध्यक्ष हसत म्हणाले, "झाडंच हायत हो मॅडम, परत येतील." मला आजही तो चेहरा आठवला की डोकं तडकतं.

पार्किंगचे सिमेंटचे ब्लॉक बसले त्या संध्याकाळी काकींनी काकांची चाकाची खुर्ची आणून बरोबर मधोमध लावली. अध्यक्षांची गाडी आली, हॉर्न वाजला.

"वाजवा!" काकी गरजल्या. "ह्यांनी बघावं असं तुम्ही काय ठेवलं न्हाय. आता तुम्हीच बघा ह्यांच्याकडं!"

अध्यक्षांनी काकांकडं पाहिलं नाही. मीही घरातून खुर्ची आणली आणि काकींच्या शेजारी बसले. रोज संध्याकाळी बसलो. बाकीचे गॅलरीतून बघत राहिले. एक दिवस समितीनं दोन प्लास्टिकच्या कुंड्या पाठवल्या. काकींनी लाथेनं उडवल्या. "एवढं खोल जाणारं मूळ ह्यात काय घडी घालून ठिवू व्हय?"

ब्लॉक निघाले नाहीत. थंडी पडली, काकांचं बाहेर बसणं बंद झालं. शेवटपर्यंत त्यांना खिडकीतून अध्यक्षांच्या गाडीचं ढुंगण दिसत राहिलं. ते गेले, तेव्हा अध्यक्ष हार घेऊन आले. काकींनी हार घेतला, त्यांच्याच गाडीवर टाकला आणि दार लावून घेतलं.

पुढं काकी जयसिंगपूरला लेकीकडं राहायला गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "गप बसू नगंस."

परवा अध्यक्ष गेटपाशी भेटले. म्हणाले, "काकी गेल्या आणि कॉलनी कशी शांत झाली बघा."

"शांत नाही," मी सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मेली म्हणा."