मातीचा ताप बघणारी म्हातारी

यंदा दिवाळी तोंडावर आली तरी आमच्या झरी गावात ऊन असं, की म्हशी डबक्यातून उठेचनात. आम्ही सगळ्यांनी हरभरा पेरून टाकला. रस्त्याकडेच्या रानातली एक म्हातारी मात्र रोज सकाळी कोपरापर्यंत हात मातीत खुपसायची, तोच गालाला लावायची आणि तिफण घेऊन आलेल्या लेकाला माघारी धाडायची.

"माय, ओल उडून चालली, रान पडीक राहील!" तो कळवळायचा.

"मातीला ताप हाय. तापल्या अंगाशी लेकरू निजवतेत का रं?"

नवव्या दिवशी ती म्हणाली, "पेर."

आमची रोपं पिवळी पडून मेली. तिचं रान हिरवंगार उभं राहिलं. दुबार पेरणीआधी तिला आपापल्या रानात न्यायला अख्खं गाव रांगेत होतं, असं मी सांगत फिरतो. खरं तर मी एकटाच गेलो होतो.