मामांचं ॲव्हरेज

गाडीत बसलं की मामा उजव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सरकवायचे. डाव्या पायातली तशीच राहायची. क्लचला चप्पल चालते, ॲक्सिलरेटरला चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. "गाडी किती मागती हाय ते तळव्याला कळतं," ते म्हणायचे. "मधी रबर आलं की कळत न्हाई."

नवं शतक नुकतंच लागलं होतं. वाशीमकडच्या एका लहान गावातून शिकून, घरातला पहिला पदवीधर होऊन, मी हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. कोथरूडहून आम्हा आठ जणांना न्यायला ठेकेदाराची डिझेल जीप यायची आणि ती मामा चालवायचे. ते पुण्याजवळच्या मांजरी गावचे. आधी बरीच वर्षं त्यांनी उसाचे ट्रॅक्टर चालवले होते. पहिल्या थांब्यावर मी एकटाच चढायचो म्हणून पुढची जागा मला मिळाली. रोज मोटारीत बसणं हीच माझ्यासाठी नवलाई होती. ते मला 'साहेब' म्हणत आणि मी संकोचून जाई.

तुमच्यापैकी कुणी त्या काळात हिंजवडीला जात असेल, तर तिथले ड्रायव्हर आठवत असतील. मोकळा रस्ता दिसला की गाडी पिटाळायची आणि पुढच्या गर्दीत करकचून ब्रेक मारायचा. मामा शक्यतो ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचे नाहीत. लांबवर सिग्नल लाल दिसला की ते पाय उचलून घेत आणि गाडी आपली आपण सावकाश होत जाई. आमच्यातला एक सदाशिवपेठी मित्र मागून विचारायचा, "मामा, आपण चाललोय की आपल्याला कुणी ढकलतंय?" मामा आरशातून बघत. "घाई हाय का पोचायचं हाय?" एवढंच विचारत. गंमत अशी, की पुढे पळालेली गाडी वाकडच्या चौकात आमच्या शेजारीच उभी सापडायची.

आठवड्यातून एकदा सकाळी, टायर गार असताना, ते हवा तपासत. टपावरचं लोखंडी कॅरिअर त्यांनी ठेकेदाराला विचारून उतरवून ठेवलं होतं, ते वारा अडवतं म्हणून. एअर फिल्टर ते स्वतः झटकत. आम्ही खाली यायला उशीर केला तर गाडी बंद करून बसत आणि एसी मिळत नाही म्हणून आम्हीच कुरकुर करायचो. बाकीचे ड्रायव्हर चांदणी चौकाचा उतार न्यूट्रलमध्ये सोडत. मामांना ते मुळीच खपत नसे. त्यांनी मला एकदा तो उतार गिअरमध्येच उतरून दाखवला. पाय उचलला की इंजिनाचा आवाज कसा हलका होतो, ते कान देऊन ऐकायला लावलं. आता चाकं इंजिनाला फिरवतायत, डिझेल जवळजवळ बंद, आणि गाडी ताब्यात. न्यूट्रलमध्ये इंजिन डिझेल पीत राहतं आणि वर गाडी ताब्यात नसते ती नसतेच. इंजिनिअरिंगला हे मी शिकलो होतो, पण कळलं त्या उतारावर.

संकट आलं ते याच सगळ्यामुळे. ठेकेदाराकडे प्रत्येक गाडीचं ॲव्हरेज, म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर, ते काढत. मामांच्या गाडीचं ॲव्हरेज इतकं चांगलं निघू लागलं, की ठेकेदाराच्या सुपरवायझरला संशय आला. त्याच्या मते असा आकडा मीटरशी खेळल्याशिवाय येऊच शकत नव्हता. त्याने मामांची किल्ली काढून घेतली. मामा दोन दिवस आमच्या ऑफिसच्या फाटकाबाहेर बसून होते. चोर ठरलो तर मांजरीत तोंड कसं दाखवू, असं मला म्हणाले. 

आम्ही आठही जणांनी सुपरवायझरकडे जाऊन गाडीची परीक्षा घ्या म्हटलं. टाकी तोंडापर्यंत भरली, मीटर गॅरेजमध्ये तपासून घेतला आणि तीन दिवस सुपरवायझर स्वतः पुढे बसला. मामांनी नेहमीसारखी चप्पल काढली आणि नेहमीसारखीच गाडी चालवली. तिसऱ्या संध्याकाळी टाकी पुन्हा भरली, तेव्हा आकडा आधीपेक्षा जरा वरच गेला होता. सुपरवायझरने माफी मागितली नाही, किल्ली तेवढी परत दिली.

आम्हाला वाटलं, संपलं. पण पुढच्या सोमवारी त्याने मामांचा आकडा सगळ्या ड्रायव्हरांना लागू केला. तेवढ्यात गाडी बसवायची, वर लागलेलं डिझेल ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून घालायचं.

त्या दिवसापासून हिंजवडीच्या टपरीवर मामांशी कुणी बोलेना. ते जाऊन बसले की बाकड्यावरचे चौघे उठून जात. एका सकाळी मी थांब्यावर गेलो, तर आदल्या रात्री तिथेच लावलेल्या जीपच्या चारही चाकांत हवा नव्हती आणि मामा पायाचा पंप मारत होते. कुणी केलं, मी विचारलं. त्यांनी घाम पुसला. "माझ्या आकड्यानं त्यांची पोरं उपाशी बसणार आसतील," ते म्हणाले, "तर एवढं करणारच की ते." उरलेली दोन चाकं मी भरली. त्या दिवशी सगळ्यांना उशीर झाला.

दोन दिवसांनी त्यांनी मला एक अर्ज लिहायला सांगितला. माझं अक्षर बरं होतं, पण मराठी अर्ज लिहून मला बरीच वर्षं झाली होती. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. माझी गाडी चांगल्या हालतीतली आहे, माझा रस्ता मोकळा आहे, तो आकडा दुसऱ्याच्या गळ्यात घालणं बरोबर नाही. ताफ्यातली सगळ्यात जुनी गाडी मला द्यावी. तिच्यावर जो आकडा निघेल तो सगळ्यांना लागू करावा.

ती जुनी गाडी मला माहीत होती. एसी नाही, चढावर काळा धूर, मार्ग वारज्याच्या गर्दीतला. मी म्हटलं, "मामा, मग तिच्यावर जरा पाय दाबूनच चालवा. आकडा खाली आला की सगळेच सुटतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते मला जमायचं न्हाई," ते म्हणाले. "मी दाबीन म्हणलं तरी पाय ऐकायचा न्हाई."

सुपरवायझरने अर्ज मान्य केला. त्याला वाटलं असावं, म्हातारा आता उघडा पडेल. आमची जीप दुसऱ्या एका ड्रायव्हरकडे गेली. चाकातली हवा सोडणाऱ्यांत तोही होता, हे आम्हालाही माहीत होतं आणि मामांनाही. किल्ली देताना मामांनी त्याला एवढंच सांगितलं, "तिसरा गिअर टाकताना दमानं घे, तिला घाई आवडत न्हाई." आणि ते जुन्या गाडीकडे चालत गेले.

महिनाभराने नवा आकडा लागला. मामा प्रामाणिकपणेच चालवत होते, पण त्या गाडीतून निघून निघून किती निघणार? आलेला आकडा असा होता की जरा शिस्तीने चालवलं तर कुणालाही जमावा. त्यानंतर कुणाच्या खिशातून डिझेल गेल्याचं मी ऐकलं नाही. वर्षभरात मी नोकरी बदलली. पुढे गाडी घेतली, ती चालवायला कुठे शिकलो असं कुणी विचारलं तर मी ड्रायव्हिंग स्कूलचं नाव सांगत नाही.

मामांना शेवटचं पाहिलं ते नोकरी सोडण्याआधीच्या आठवड्यात. संध्याकाळी आम्ही परतत होतो. सूसच्या खिंडीत रस्त्याचं काम चालू होतं, एकच पट्टा मोकळा होता आणि सगळ्यांच्या पुढे मामांची जुनी गाडी चढ चढत होती. अगदी हळू, एका लयीत. खिडक्या उघड्या होत्या. धूर जवळजवळ नव्हता. तिच्यामागे आमच्या ठेकेदाराच्या पाच जीप अडकल्या होत्या, आमचीही त्यातच.

पार माथ्यावर पोहोचेपर्यंत एकानेही हॉर्न वाजवला नाही.