रिकामी बंदूक

वडील गेल्यावर त्यांची परवान्याची बंदूक जमा करायला मी आणि बायको मोटारसायकलवरून अंथुर्ण्याला गेलो. तिथल्या बंदूकविक्रेत्याचं दुकान म्हणजे त्याच्याच घराची पुढची खोली. एक लोखंडी कपाट, भिंतीवर परवाना, कोपऱ्यात शिलाई मशीन.

"रिकामीच आहे," चादरीत गुंडाळलेली बंदूक पुढं करत मी म्हणालो.

आम्हाला मागं सरकवून त्यानं नळी वाळूच्या पोत्याकडं वळवली. त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्याशीच उभी होती, आत पाऊल टाकेना. त्यानं खटका दाबून बंदूक उघडली आणि आतून काडतूस काढलं. जिवंत. ते त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं.

"सगळी रिकामीच हाय म्हणून आणत्यात," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर ही चहा घिऊन तितंच थांबती."

मग त्यानं मान हलवली आणि चहा आत आला. कितीतरी वर्षं ती बंदूक आमच्या पलंगामागं टांगलेली होती.

"अहो, येताना नळी तुमच्या पाठीला टेकली होती," माझी बायको पुटपुटली. "खड्डा आला की मी आणखी घट्ट धरत होते."