समुद्राच्या गोष्टींचं पुस्तक

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. दिवाळीआधी जुन्या जालन्यात पुस्तकवाल्यापाशी एक शेतकरीण भेटली. तिला वाचता येत नव्हतं. तेरा वर्षांच्या लेकीला सणाचं पुस्तक घ्यायचं म्हणून ती हात पदराला पुसून एकेक पुस्तक उघडत होती. समुद्रसफरीच्या गोष्टींचं एकच पुस्तक उरलं होतं आणि तेच मला भाच्यासाठी हवं होतं.

माझा कोट आणि टोपी बघून तिनं विचारलं, "मास्तर, हे पोरीला बराबर राह्यील का?"

"नाही, कंटाळवाणं आहे."

तिनं ते लगेच खाली ठेवलं. "बरं झालं तुमी भेटले. शिकलेलं माणूस कशाला खोटं सांगंल?"

मी दाखवलेलं व्रतांचं पुस्तक घेऊन ती गेली. मी हाक मारली नाही.

भाच्यानं समुद्रसफरीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आशीर्वाद लिहून मागितला, तेव्हा माझ्याच्यानं टाक उचलवेना.